रेणूंचा पाहुणचार

रसायनशास्त्राचें २०२५ सालचें नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी या तिघां संशोधकांस जाहीर झालें, तेव्हां त्यांचें काम सामान्य माणसास समजावें म्हणून नोबेल समितीनें घराची भाषा वापरली. धातूचे अणु हे खांब, कर्बयुक्त रेणु हे वांसे, आणि त्यांच्या जुळणींतून उभ्या राहिलेल्या सांगाड्यांत वायूंना येण्याजाण्यास मोकळ्या खोल्या, असें तें चित्र होतें. समितीच्या एका सभासदानें तर हॅरी पॉटरच्या गोष्टींतील हर्मायनीच्या पिशवीची उपमा दिली: बाहेरून इवलीशी, आंत मात्र वाटेल तेवढें मावावें अशी. उपमा गोड होती, आणि ज्या घरांत तीं पुस्तकें वाचलीं गेलीं आहेत त्या घरांतील मुलांना ती तत्काळ समजली असेल. आम्हांस मात्र तिनें दोन प्रश्नांत टाकलें. या पदार्थांत खरोखर पिशवीसारखें कांहीं आहे काय, हा एक. आणि ज्या पुण्यांत असलें संशोधन पाषाणच्या माळावर कित्येक वर्षें चाललें आहे, त्या पुण्याच्या भाषेंत त्याला स्वतःची एकही उपमा कां मिळूं नये, हा दुसरा.

वाङ्मयाच्या मासिकानें रसायनशास्त्रांत नाक खुपसूं नये, असें कोणी म्हणेल. परंतु हें शास्त्र उपमांवर जेवढें जगतें तेवढें क्वचितच दुसरें एखादें शास्त्र जगत असेल. यजमान आणि पाहुणा, कुलूप आणि किल्ली, मुकुट, पिंजरा, तळघर, आपोआप जुळणें, आपोआप बरें होणें: हे शब्द तेथें अलंकार म्हणून येत नाहींत. संशोधनपर निबंधांच्या मथळ्यांत ते पारिभाषिक शब्द म्हणून ठाण मांडून बसलेले आहेत. शब्द आपल्या जागीं नीट बसला आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम प्रयोगशाळेचें जितकें, तितकेंच आमचेंही आहे.

शाळेंत शिकविलें जाणारें रसायनशास्त्र हें मुख्यतः रेणूच्या आंतील बंधांचें शास्त्र होय. कर्बाच्या दोन अणूंमधील साधा बंध तोडावयास ग्रॅम-रेणूमागें सुमारें ३५० किलोजूल ऊर्जा लागते. असा बंध एकदां जुळला कीं सहसा सुटत नाहीं. परंतु रेणु पुरा झाल्यावर त्याचा शेजारच्या रेणूशीं जो संबंध येतो तो याहून पुष्कळ सैल असतो. पाण्याच्या दोन रेणूंमधील उज्ज-बंध सुमारें २० किलोजूलांतच सुटतो, आणि नेहमींच्या हवामानांत उष्णतेची जी धडपड चालू असते तीच अडीच किलोजूलांच्या घरांत असते. त्यामुळें हे बंध सारखे तुटतात आणि सारखे जुळतात. एकेकटे ते दुबळे. पण पुष्कळ संख्येनें एकत्र आले कीं आनुवंशिकतेची ती सुप्रसिद्ध पीळदार शिडी सुद्धां त्यांच्याच आधारें सांधली जाते. या सैल संबंधांच्या अभ्यासाला ज्याँ-मारी लेन या फ्रेंच संशोधकानें १९७८ सालीं नांव दिलें; त्याचा आशय रेणूच्या पलीकडचें रसायनशास्त्र असा आहे. मराठींत कोणी त्याला अतिरेण्वीय म्हणतील, कोणी अधिरेण्वीय. आम्ही या लेखापुरतें त्याला रेणुसंघाचें रसायनशास्त्र म्हणणार आहों. कां, तें पुढें येईल.

पुण्याचा या शास्त्राशीं संबंध कालपरवांचा आहे असा समज दिसतो. तो खरा नाहीं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजीं बाळासाहेब खेर यांनीं बसविली, आणि ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें, एवढें पुष्कळांस माहीत असतें. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे होते, हें थोड्यांस माहीत असतें. आणि हे मॅकबेन कोण, हें तर प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर सांगूं शकणारे विरळाच. ते जन्मानें कॅनडाचे, १८८२ सालचे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें व पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें त्यांनीं अध्यापन केलें, आणि आयुष्याचा फार मोठा भाग साबणाच्या पाण्यावर खर्च केला. साबणाच्या पाण्यांतून वीज चांगली वाहते. परंतु त्यांत विरघळलेल्या कणांची संख्या मोजावयास गेलें तर ती अपेक्षेहून फार कमी भरते. हें कोडें त्यांच्यापुढें होतें. १९१३ सालीं त्यांनीं असें सुचविलें कीं साबणाचे कण पाण्यांत एकेकटे हिंडत नाहींत; ते पुंजके करून राहतात, आणि हे पुंजकेच वीज वाहून नेतात. सभेच्या अध्यक्षांनीं ही कल्पना अर्थहीन म्हणून जागच्या जागीं उडवून लावली, अशी कथा रसायनवेत्त्यांत आजही सांगतात. कल्पना टिकली, अध्यक्षांचें मत राहिलें नाहीं.

रेणूंच्या सहवासाचा जो सगळा विचार आज जगभर चालतो त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक असा हा मनुष्य वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची प्रयोगशाळा उभी करण्यासाठीं पुण्यास आला, १९५२ पर्यंत येथें राहिला आणि १९५३ सालीं वारला. त्याच्यामागून आलेले संचालक जॉर्ज फिंच हे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंतील गिर्यारोहक म्हणून चटकन ओळखले जातात. डोंगराला जी कीर्ति लाभते ती साबणाला लाभत नाहीं, हें साहजिकच आहे. तरी पण पुण्याच्या इतिहासाविषयीं इतकें लिहिणाऱ्या आमच्या लेखकांपैकीं कोणास मॅकबेनवर एक प्रकरण लिहावेंसें वाटूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें.

त्या पुंजक्यापाशींच थोडें थांबलें पाहिजे, कारण या शास्त्रांतील सर्वांत लाडक्या शब्दाची परीक्षा तेथेंच होते. साबणाच्या रेणूचें डोकें पाण्यांत रमणारें, आणि शेपूट तेलकट, पाण्याला नकोसें. पाण्यांत साबण पुरेसा झाला कीं कित्येक दहांच्या, कधीं शंभराच्या संख्येनें हे रेणु एकत्र येतात. शेपट्या आंत, डोकीं बाहेर. कपड्याचा तेलकट मळ या आंतल्या भागांत शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. आमच्या आज्या रिठ्यानें केस धूत, तेव्हां हेंच घडत असे. रिठ्याच्या फेंसांतील द्रव्यही असेच पुंजके बांधतें. दुधांतील केसीनाचेही पुंजकेच असतात, आणि विरजणाच्या आंबटपणानें ते एकमेकांस चिकटले म्हणजे दहीं लागतें. या घटनेला इंग्रजींत जो शब्द आहे त्याचा अर्थ आपण होऊन जुळणें असा होतो. तो वाचून मनांत येतें कीं शेपट्यांना एकमेकींची ओढ असली पाहिजे.

वस्तुस्थिति निराळी आहे. आषाढांत लक्ष्मी रस्त्यावर एकाएकीं सर आली म्हणजे पंधरावीस माणसें एखाद्या दुकानाच्या पागोळ्यांखालीं दाटीवाटीनें उभीं राहतात. लांबून पाहणारास वाटावें कीं हा कोणी ओळखीच्या मंडळींचा मेळा आहे. त्यांतील कोणाचा कोणाशीं संबंध नसतो. त्यांना एकत्र आणलें आहे तें पावसानें. साबणाच्या शेपट्यांचें तसेंच आहे. तेलकट शेपटीभोंवतीं पाण्याच्या रेणूंना अवघडून, विशिष्ट रचनेनें राहावें लागतें. शेपट्या एका जागीं कोंडल्या कीं तें पाणी मोकळें होतें. जुळवून आणणारें पाणी आहे, आणि श्रेय मात्र साबणाकडे जातें. ‘आपण होऊन’ हा शब्द येथें खोटा नसला तरी अर्धा आहे. संशोधकांस हें पक्कें ठाऊक असतें. गोंधळ होतो तो शब्द प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर.

कुलूप आणि किल्ली ही उपमा याहून जुनी. एमिल फिशर या जर्मन पंडितानें १८९४ सालीं ती वापरली: पाचक द्रव्यें ठराविक पदार्थावरच कां काम करतात, तर कुलुपाला आपलीच किल्ली लागते म्हणून. ही उपमा काटेकोरपणें पाहतां चुकीची होती. १९५८ सालीं डॅनियल कोशलंड यांनीं असें प्रतिपादिलें कीं कुलूप ताठ नसतें. किल्ली आंत शिरतांना तें स्वतःच आकार बदलतें. हात घातल्यावर मोजा भरावा, तसें. परंतु फिशरची उपमा साठ वर्षें उपयोगी पडली, कारण तिच्यावरून प्रयोग सुचत गेले. ज्या उपमेवरून पुढचा प्रयोग सुचतो ती चुकली तरी तिचें मोल राहतें. जिच्यावरून केवळ टाळ्या मिळतात ती बरोबर असली तरी तिचें मोल थोडें. हर्मायनीची पिशवी दुसऱ्या जातीची आहे. कांहीं ग्रॅम भुकटीच्या आंतल्या भिंती पसरल्या तर फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग होतो, हें या सांगाड्यांविषयीं अगदीं खरें आहे. पण त्यांत जादू कोणतीच नाहीं. वडाच्या पारंब्यांसारखी भिंत भिंतीला लागून आहे, एवढेंच. पिशवी म्हटल्यावर आपण वस्तु भरण्याचा विचार करतों; भिंती म्हटल्यावर वस्तु चिकटण्याचा. आणि येथें वायु बहुतकरून चिकटतो.

मुकुटाची गोष्ट आम्हांस विशेष आवडते. चार्ल्स पेडरसन हे अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनींत काम करीत. त्यांनीं डॉक्टरेट केलेली नव्हती. एका प्रयोगांत त्यांना हवा होता तो पदार्थ न मिळतां, अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणांत, रेशमासारखे पांढरे स्फटिक मिळाले. दुसऱ्या कोणी ते ओतून दिले असते. पेडरसन यांनीं ते तपासले आणि १९६७ सालीं जाहीर केलें कीं हा रेणु कड्यासारखा असून धातूच्या आयनाला आपल्या मधोमध बसवून घेतो. कड्याचा आकार बदलावा तसा त्यांत बसणारा धातूही बदलतो. प्रतिकृति पाहतां रेणु आयनाच्या डोक्यावर मुकुटासारखा चढलेला दिसे, म्हणून तें नांव. पुढें लेन यांनीं कड्याचा बंदिस्त पिंजरा केला व त्याला तळघरावरून नांव दिलें. डॉनल्ड क्रॅम यांनीं सगळ्या प्रकाराला यजमान-पाहुण्यांचें रसायनशास्त्र म्हटलें. १९८७ चें नोबेल या तिघांस मिळून गेलें. पण पाहा: एकच घटना, आणि एका उपमेंत आयन हा राजा व रेणु त्याचा अलंकार, तर दुसरींत रेणु हा घरधनी व आयन हा आलागेला. दोन्ही एकदम खरें असूं शकत नाहीं. खरें एवढेंच कीं भोंक आणि माप जुळलें.

मराठींत हे शब्द आणतांना अडचण आणखी वाढते. यजमान म्हणजे मुळांत यज्ञ करणारा. आमच्या घरांतून तो पतीलाही म्हणतात. अतिथि म्हणजे ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो, आणि त्याला देव मानावें अशी आपली शिकवण. रेणूंचा यजमान कोणास देव मानीत नाहीं. तो माप पाहतो. पोटॅशियमला जागा आहे, त्याहून लहान सोडियम आला तर तो सैल बसतो, मोठा आला तर दारांतच अडतो. दुपारीं एक ते चार घंटा वाजवूं नये, अशी पाटी लावणाऱ्या आमच्या शहरांतील कांहीं घरधन्यांशीं या यजमानाचें साम्य अधिक आहे. चेष्टा सोडली तरी आमचें म्हणणें असें कीं पाहुणचार या शब्दांत जें मन आहे तें पदार्थाला चिकटवूं नये; आणि चिकटवावयाचेंच असेल तर निदान ‘आसन’ आणि ‘बैठा’ यांसारखे कोरडे शब्द शोधावे.

आतां पाषाणच्या कामाकडे वळूं. रघुनाथ माशेलकर हें नांव मराठी घरांत कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु तें ज्या कारणानें घरोघर गेलें तें हळदीचें. हळदीनें जखम भरते यावर अमेरिकेंत दिलें गेलेलें एकस्व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें आव्हान देऊन १९९७ सालीं रद्द करविलें, तेव्हां माशेलकर त्या परिषदेचे महासंचालक होते. त्यांचें स्वतःचें शास्त्र मात्र बहुवारिकांचें, आणि त्यांतही खरवसासारख्या थलथलीत, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलींचें. २००६ सालीं शायनी वर्गीस, आशिष लेले व माशेलकर यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. विशिष्ट जातीच्या जेलीचे अलग तुकडे धातूच्या आयनांच्या मध्यस्थीनें पुन्हां एक होतात, हा त्याचा विषय. जेलींतील लांब साखळ्यांना बाजूंनीं फांद्या असतात. या फांद्यांचीं टोंकें धातूचा आयन मध्यें घेऊन एकमेकांस धरतात. या जातीच्या पदार्थांना पुढें जगभर स्वतः बरे होणारे असें नांव पडलें.

बरें होणें हा शब्द आम्हांस येथें मान्य नाहीं. कापलेलें बोट बरें होतें तेव्हां जिवंत पेशी नवें मांस निर्माण करतात. रक्त, शोथ, खपली, सगळें शरीर त्या कामीं लागतें. हळदीचा वाद ज्या बऱ्या होण्यावरून झाला तें हें. जेली नवें कांहीं निर्माण करीत नाहीं. तिचीं टोंकें टोंकांस भेटतात आणि अडकतात. मराठींत याला सांधणें म्हणतात, आणि तो शब्द शिंप्यापासून कुंभारापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या या निबंधाच्या बाबतींत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: त्याच्या मथळ्यांत बरें होण्याचा शब्द असला तरी त्याच मथळ्यांत धातूच्या आयनांची मध्यस्थीही नोंदलेली आहे. ‘आपोआप’ ही फुशारकी त्यांनीं मथळ्यांत केली नाहीं. जाहिरातीच्या युगांत हा संयम थोडा नव्हे.

दुसरें काम आम्ही याहूनही वरचें मानतों. २००५ सालीं याघी यांच्या गटानें धातु अजिबात वगळून केवळ हलक्या अणूंचे, मजबूत सहसंयुजी बंधांनीं विणलेले स्फटिकी सांगाडे तयार केले. दिसावयास ते सुरेख. परंतु त्या पहिल्या सांगाड्यांना पाणी सोसेना, त्यांची वीण उसवे. कारण समजण्यासारखें आहे. स्फटिक सुबक व्हावयाचा तर चूक झालेला बंध सुटून पुन्हां नीट जुळण्याची मुभा लागते. आणि जो बंध सुटूं शकतो त्याला पाणीही सोडवूं शकतें. सुबकपणा हवा तर नाजूकपणा पत्करा, अशी ही पेंच होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील राहुल बॅनर्जी यांच्या गटानें २०१२ सालीं ती सोडविली. छापखान्याशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही युक्ति एका वाक्यांत कळेल. खिळे जुळवावे, मुद्रित तपासावें, चुकलेला खिळा उपटून दुसरा बसवावा, असें पान निर्दोष होईपर्यंत चालतें. आणि मग त्याच पानाचा ठसा ओतून घेतला कीं पुढें खिळा हलत नाहीं. बॅनर्जी यांच्या सांगाड्यांतही पहिली पायरी उलटसुलट होऊं शकणारी आहे, तींत स्फटिक सुधारत जातो. दुसऱ्या पायरीला रेणूच्या आंतच उज्जाचा अणु जागा बदलतो, आणि मग मागें परतण्याची वाट बंद होते. असे दोन पदार्थ त्यांनीं उकळत्या पाण्यांत आणि तीव्र, म्हणजे नऊ नॉर्मल, हायड्रोक्लोरिक आम्लांत ठेवून पाहिले, दोन्ही टिकले. त्यांतील एक तितक्याच तीव्र कॉस्टिक सोड्यांतही टिकला.

काटेकोर बोलावयाचें तर ही वीण मजबूत बंधांची आहे, सैल नव्हे. त्यामुळें कोणी म्हणेल कीं हें रेणुसंघाचें रसायनशास्त्रच नव्हे. परंतु चूक दुरुस्त करण्याची मुभा ठेवणें हा धडा त्या शास्त्राचाच आहे, आणि तो कोठें थांबवावा हें पुण्याच्या गटानें दाखविलें, हें त्याचें वैशिष्ट्य. या निबंधाची भाषाही आम्हांस रुचली. त्यांत घर, पिशवी, पाहुणा यांचा पसारा नाहीं. उलटसुलट आणि एकमार्गी असे दोन वाटांचे शब्द आहेत, आणि ते अक्षरशः खरे आहेत. उणें सांगावयाचें तर तेंही सांगितलें पाहिजे. त्या दोन पदार्थांचा आंतला पृष्ठभाग ग्रॅममागें सुमारें ५३५ व ३३९ चौरस मीटर भरला. या क्षेत्रांतील नामांकित सांगाड्यांचा आंकडा हजारांत जातो. मजबुती मिळाली, ऐसपैसपणा बेताचा राहिला. बॅनर्जी पुढें कोलकात्यास गेले. त्यांची ती युक्ति मात्र देशोदेशींच्या प्रयोगशाळांनीं उचलली आहे.

शेजारच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेविषयीं, जी २००६ सालीं स्थापन झाली, थोडक्यांत लिहितों. तेथील सुजित घोष यांच्या गटानें २०१३ सालीं एक प्रकाशमान धातु-कर्बी सांगाडा वर्णिला, जो पिक्रिक आम्लासारख्या स्फोटक द्रव्याच्या सान्निध्यांत मंद होतो, आणि त्याच जातीच्या इतर द्रव्यांपुढें तितका होत नाहीं. काम चांगलें आहे. पण अशा पदार्थाला स्फोटकें ‘ओळखतां’ येतात असें वाचलें कीं वाचकापुढें रेल्वे स्थानकावरील पोलिसांचा कुत्रा उभा राहतो. तो कुत्रा धूळ, धूर, घाम आणि भज्यांचा वास यांतून हवें तें हुडकतो. बाटलींतील स्वच्छ द्रावणांत मंद होणारा उजेड स्थानकावर काय करील हा निराळा प्रश्न, आणि त्याला निराळे प्रयोग लागतात. हीच गोष्ट कर्बवायु शोषून घेणाऱ्या सांगाड्यांची. प्रयोगशाळेंत ग्रॅमभर भुकटी किती वायु धरते, आणि चिमणीच्या दमट, तापलेल्या धुरांत टनभर भुकटी हजारों वेळां भरून रिकामी करतां येते कीं नाहीं, यांत मोठें अंतर आहे. संशोधक तें अंतर जाणतात. मथळे जाणत नाहींत, आणि घरांत पोंचतो तो मथळाच.

येथें आम्ही मूळ गाऱ्हाण्याकडे येतों. पाषाण, बाणेर, औंध या बाजूस अशीं घरें पुष्कळ आहेत कीं ज्यांतील मुलगा किंवा मुलगी या दोन संस्थांपैकीं एकींत काम करते. रात्रीं जेवतांना आई विचारते, आज काय केलेंस? उत्तर मिळतें, नेहमींचेंच. तें उत्तर उद्धटपणाचें नसतें. दुसरें उत्तर देण्यास शब्द नसतात. दिवसभर ज्या भाषेंत विचार केला ती ताटावर आणतां येत नाहीं, आणि ताटावरच्या भाषेंत तो विचार कधीं केलेलाच नसतो. ज्या घराचें पोर स्वतः हें काम करतें त्या घरालाही त्या कामाची पारख करतां येऊं नये, मथळ्यावर विश्वास टाकावा लागावा, ही स्थिति आम्हांस सुखाची वाटत नाहीं.

मराठी या कामास अपुरी आहे, असें म्हणणारांनीं खताच्या दुकानांत जावें. नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द तेथें शाळा न पाहिलेला शेतकरीही बिनचूक वापरतो, आणि कोणत्या पिकाला कोणतें किती हेंही सांगतो. हे शब्द कोणी तरी एके काळीं बसून घडविले होते. ते रुळले, कारण त्यांच्यावाचून शेतकऱ्याचें अडत होतें. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनीं एकोणिसाव्या शतकांत मराठींत रसायनशास्त्र लिहिलें. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ सालीं पुण्यांतच निघालें. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालीं स्थापन झाली. प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. परंतु परिभाषेच्या कोशांत शब्द निजून राहतात आणि लेखांत येत नाहींत, हा आमचा अनुभव.

रेणुसंघ हा शब्द आम्ही कां पत्करला तें आतां सांगतों. प्रथम आमच्या मनांत ऋणानुबंध आला होता. सैल असूनही टिकणारें नातें, तुटून पुन्हां जुळणारें, कानालाही गोड. पण त्यांत पूर्वजन्म येतो, ऋण येतें, हळवेपणा येतो, आणि ज्या दोषासाठीं आम्ही पाहुण्यास नाकारलें तोच दोष दाराआड उभा राहतो. संघांत तसें नाहीं. गांवच्या दूध संघाचा सभासद आपलें घर, आपली म्हैस राखून संघांत असतो; तो आंत येतो, बाहेरही पडतो, आणि तरी संघ चालतो. सभासदांचें एकमेकांवर प्रेम असलेंच पाहिजे असें नाहीं. साबणाच्या पुंजक्याला, मुकुटांतल्या पोटॅशियमला आणि सांधलेल्या जेलीला हें वर्णन बऱ्यापैकीं लागू पडतें. याहून चांगला शब्द कोणी सुचविला तर आम्ही आमचा मागें घेऊं.

आणि उपमा हवीच असेल तर ती परदेशांतील जादूगारांच्या शाळेंतून आणण्याची गरज नाहीं. आमच्या पायांखालच्या काळ्या दगडांत पोकळ्या आहेत, आणि त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट असे झिओलाइट जातीचे स्फटिक वाढलेले आहेत. वाघोलीच्या खाणींतून त्यांच्या संगतींत निघणारा निळा कॅव्हन्साइट पाहण्यासाठीं जगभरचे संग्राहक धडपडतात. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. क्रोन्स्टेड या स्वीडिश खनिजवेत्त्यानें १७५६ सालीं तें नांव ठेविलें, कारण तापवितांच त्याच्या बारीक पोकळ्यांत दडलेलें पाणी वाफ होऊन निघतें. दगड न मोडतां पाणी जातें, आणि थंड झाल्यावर परतही येतें. पारितोषिक मिळालेले सांगाडे हे या दगडाचेच माणसानें बांधलेले भाऊबंद होत. आणि झिओलाइटांपासून केलेल्या उत्प्रेरकांवर पाषाणच्या प्रयोगशाळेनें, विशेषतः पॉल रत्नसामी यांच्या हाताखालीं, मोठें काम केलें आहे. वाघोलीच्या खाणीपासून आरंभ करून पाषाणच्या भुकटीपर्यंत येणारा, घरांतील थोरामोठ्यांस समजेल असा मराठी लेख अजून लिहावयाचा आहे. या संस्थांतील कोणा तरुण संशोधकानें तो लिहून पाठविल्यास आम्ही तो आनंदानें छापूं. लांबीची अट नाहीं, फक्त पिशवी नसावी.